रामा रंगाची घडी

संघपाल गजभियेच्या खोलीत बाई आहे, ही बातमी आमच्या गल्लीत मीच सोडली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आता खोटं कशाला बोलू? गल्लीतल्या बहुतेक बातम्या मीच सोडतो. नागपूरजवळच्या वाडीच्या ट्रान्सपोर्ट गोदामात छत्तीस वर्षं मालाच्या बिल्ट्या फाडल्या. कोणाच्या नावानं कुठून काय आलं, हे मालकाच्या आधी मला कळायचं. नोकरी सुटली, खोड सुटली नाही.

आणि बातमी काही हवेतली नव्हती, तिला दोन पुरावे होते.

पहिला पुरावा माझ्या कानांचा. संघपाल आमच्या वरच्या मजल्यावर एकटा राहतो. पन्नाशी उलटलेला, सडपातळ, मिश्या बारीक कातरलेल्या, बोलणं त्याहून बारीक. पंधरा-वीस दिवसांतून एकदा, भर दुपारी, वरून बाईचं हसू ऐकू यायचं. स्लॅबमधून शब्द कळत नसत, हसू मात्र स्वच्छ. थांबायचं, पुन्हा यायचं, पुन्हा थांबायचं. मी आरामखुर्चीत डोळे मिटून पडलेला असायचो आणि कान जिन्यानं वर गेलेले असायचे.

दुसरा पुरावा समोरच्या सिंधूताईच्या डोळ्यांचा. ती गच्चीवर कुरड्या वाळत घालायला गेली आणि तिथूनच ओरडली, "काय जी भाऊजी, तुमच्या भाडेकरूच्या खिडकीत लुगडं टांगलं आहे!"

"कोणत्या रंगाचं वं?" मी चौकशी पूर्ण करतो, अर्धवट सोडत नाही.

"रामा रंगाचं. जरीचे काठ आहेत."

रामा म्हणजे तुम्हाला ठाऊकच आहे. ना धड हिरवा, ना धड निळा, मोराच्या मानेवर असतो तो.

"अन् नेसणारी?"

"नेसणारी आतच असन की! लुगडं काय एकटं चालत आलं?"

झालं. संध्याकाळपर्यंत पानठेल्यापासून पीठगिरणीपर्यंत सगळ्यांना कळलं. माझी बायको पुष्पलता पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "तुम्हाले काय करायचं आहे जी? दात पडले तुमचे, जीभ काही पडत नाही."

"अवं, एकट्या माणसाच्या घरी बाई आली तर आनंदच आहे ना. मी आनंद वाटून राहिलो."

आता संघपाल काय करतो, ते सांगतो. तो कॉम्प्युटर तयार करतो. दुकानात मिळतो तसला नव्हे. लग्नाचं शूटिंग कापून, जोडून, त्याला गाणी लावून जे लोक फिल्म बनवतात, त्यांच्यासाठीच तो मशीन बांधतो. आमच्या भागातल्या निम्म्या स्टुडिओंत त्याच्याच हातच्या मशीन आहेत. त्याचे खोके गोदामात यायचे तेव्हापासून मी त्याला ओळखतो. खोक्याला पोचा असला की तो तिथंच उघडायचा, आतली वस्तू कानाशी धरून हलवायचा, वैद्यानं नाडी पाहावी तसा.

खोलीत त्याचं टेबल खिडकीशी. मशीनच्या आतल्या भागांना हात लावण्याआधी तो दर वेळी खिडकीच्या गजाला हात लावतो. मला वाटलं, याचा देव गजात आहे. विचारलं तर म्हणाला, "आंगातली वीज उतरवतो, काकाजी. सुकी हवा आहे आपली. दिसत नाही, पण बोटातून निघाली की एक पार्ट खलास." प्रोसेसरवर गार ठेवायचा लेप तो हरभऱ्याच्या दाण्याएवढाच घालतो. ग्राहकाला तीन डिस्क देतो आणि समजावून सांगतो, "हा ओटा. आज जे शिजवायचं तेवढंच यावर. ही कोठी, सारं शूटिंग इथं. अन् हा माळा. काम झालं की एक प्रत माळ्यावर. अजून एक प्रत दुसऱ्याच्या घरी ठेवायची. आग लागली तं?" मशीन पोचवायला गेला की आधी त्या घरची अर्थिंग पाहतो, आणि उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतायला लावतो.

त्याचा सगळ्यात मोठा वैरी म्हणजे कूलर. नागपूरचा माणूस मशीन तापली की तिला थेट खसच्या कूलरसमोर बसवतो, पाहुण्याला बसवावं तशी. महिन्याभरात ओलीनं आतले झाळलेले टाके पांढरे, पट्ट्या गंजलेल्या. संघपाल मशीन उघडतो, पाहतो आणि काहीच बोलत नाही. ग्राहकाला तेच जास्त लागतं. म्हणूनच त्याच्या स्वतःच्या खोलीत कूलर नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत तो पंख्याखाली ओला टॉवेल मानेवर टाकून बसतो. मशीन सुखात, माणूस भाजलेला. त्या भट्टीत वर कोण जाणार? चैत्र लागला की त्याच्याकडे कोणी फिरकत नसे.

पण मी गेलो. बातमीला तिसरा पुरावा नको का?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. वरून हसू आलं तसा मी उठलो. पुष्पलतेनं केलेलं कैरीचं पन्हं पेल्यात ओतलं आणि तो पेला परवान्यासारखा हातात धरून जिना चढलो. दार उघडंच होतं. संघपाल बनियनवर, पाठमोरा. समोर नवा स्क्रीन. स्क्रीनवर एक बाई गॅसपुढं पोळ्या करतेय, अंगावर रामा रंगाची जरीची साडी, पदर कमरेला खोचलेला. ती मान वळवून हसली आणि म्हणाली, "अहो, काय करून राहिले तुम्ही! बंद करा ना ते. पोळी जळली माही!"

आणि स्क्रीनच्या शेजारी, खिडकीच्या चौकटीतल्या खिळ्याला, हँगरवर, तीच साडी. घडी घातलेली.

संघपाल साडीकडे पाही, स्क्रीनकडे पाही, स्क्रीनखालचं एक बटण दाबी. पुन्हा साडीकडे, पुन्हा स्क्रीनकडे. चित्र मागं नेऊन पुन्हा सुरू करी. बाई पुन्हा हसे. असं पाच-सहा वेळा झालं. मग तो हलकेच म्हणाला, "आली."

"कोण आली गा?" माझ्या तोंडून निघून गेलं.

तो दचकला. मग खुर्ची सरकवून उठला. "काकाजी, या ना. सरिता. माही मंडळी." स्क्रीनकडे न पाहताच म्हणाला, "रंग जुळला की मी म्हणतो आली. सवय आहे."

पेल्यातलं पन्हं गरम झालं होतं की माझे कान, देव जाणे.

त्यानं सांगितलं ते थोडक्यातच, कारण तो सगळं थोडक्यात सांगतो. पूर्वी तो स्वतः लग्नं शूट करायचा. नवा कॅमेरा घेतला त्या दिवशी दोघं साळ्याच्या लग्नाला निघाले होते. सरिता तयार होऊन बसली आणि मग वाटेसाठी चार पोळ्या करायला तशीच उठली. यानं कॅमेरा चालतो का पाहायला तिच्यावर रोखला. चार मिनिटं अकरा सेकंद. लग्नाहून आल्यावर तिनं साडी घडी करून ठेवली. दोन महिन्यांनी काविळीनं गेली. मूलबाळ नव्हतं. त्यानंतर त्याला दुसऱ्यांच्या नवऱ्या शूट करवेनात. कॅमेरा विकून तो मशीन बांधू लागला.

"एडिटिंगच्या मशीनमध्ये स्क्रीनचा रंग बरोबर पाहिजे," तो म्हणाला. "नाही तं सारं काम वाया. लोक कशाकशावर लावून पाहतात. माह्याजवळ हे आहे. चित्रातली साडी अन् ही साडी एक दिसली की स्क्रीन खरा."

मी काठाला हात लावायला गेलो.

"हात नका लावू, काकाजी. घडी तिची आहे."

मी खाली आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचीच बातमी खोडून काढायला बाहेर पडलो. सिंधूताईनं डोळ्यांना पदर लावला. अर्ध्या मिनिटानं पदर काढून म्हणाली, "मंग त्यानं दुसरं काहून नाही केलं जी?" गल्लीला खरं म्हणजे बाई हवी होती. फिल्म निघाली म्हणून सगळ्यांचाच हिरमोड झाला.

तेव्हापासून मी वर जाऊन बसू लागलो. त्याला सोबत म्हणून, असं मी सांगतो. पुष्पलता म्हणते, मला वर कोणी मध्ये बोलत नाही म्हणून. दोन्ही खरं असेल. मी बडबडायचो, तो स्क्रू पिळायचा. कधी 'हाव', कधी 'नाही'. त्याच्याकडे पाहुणा येत नाही, पत्र येत नाही, येतात ते खोके. सणाला पुष्पलता ताट पाठवते. ताट धुऊन, पुसून, पालथं घालून जिन्याच्या पायरीवर परत येतं.

एक गोष्ट हळूहळू माझ्या ध्यानात आली. नवी मशीन बांधून झाली, तरच तो ती फिल्म लावायचा. एरवी कधीच नाही. लग्नसराई संपून पावसाळा लागला की मशीनची मागणी थांबे. दोन-दोन महिने वरून हसू येत नसे. मी एकदा विचारलं, "फिल्म तुह्याजवळच आहे. मोबाइलवर घे अन् रोज पाह्य. कोण अडवते?"

"रोज पाह्यलं तं घासून जाईन."

"अरे, कॉम्प्युटरमधली वस्तू कुठं घासते? तूच सांगते ना साऱ्याइले!"

"फिल्म नाही, काकाजी," तो म्हणाला आणि पुन्हा स्क्रू पिळू लागला.

अशी वर्षं चालली होती. या एप्रिलमध्ये भूमिका आली.

भूमिका इथल्याच दत्तवाडीची. पुण्याला हे एडिटिंगचं शिकून आलेली. दोन वर्षं दुसऱ्याच्या स्टुडिओत काम केलं, आता घरच्या घरी स्वतःचं सुरू करणार होती. पोरगी चुणचुणीत, जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारी. संघपालनं तिची मशीन तीन दिवसांत बांधली. मला वाटतं, जरा जास्तच मन लावून. चौथ्या दिवशी ती न्यायला आली तेव्हा मी वर होतोच. मी वर नसतो कधी?

"काका," ती खुर्चीत बसून म्हणाली, "एक विचारू का? राग नका मानू."

"विचार."

"मी दोन वर्षं तुमच्याच मशीनवर काम केलं. तिच्या स्क्रीनवर नवरी मस्त दिसते. पण तेच घरी टीव्हीवर लावलं की नवरीचं तोंड टमाटर. हळद तं अशी दिसते का जशी काही आग लागली. लोक म्हणतात, रंग कमी करत जा."

मी हसलो. "अवं, ती फॅशन आहे ना! माह्या पुतण्याच्या लग्नाची फिल्म पाह्यली तेव्हा मी सोफ्यावरून मागं सरकलो. नवरदेवाचा फेटा आंगावर येऊन राहिला होता."

भूमिका हसली नाही. तिनं पर्समधून एक चपटी गोल डबी काढली, वायर लावलेली. "पुण्याहून मैत्रिणीजवळून आणली. ही स्क्रीनचा रंग मोजते. लावून पाहू?"

संघपालनं खांदे उडवले. तिनं डबी स्क्रीनवर उलटी टांगली, डॉक्टरनं छातीला नळी लावावी तशी. स्क्रीन लाल झाला, हिरवा झाला, निळा, राखाडी, पुन्हा लाल. पाच मिनिटं असाच खेळ. मग आकडे आले.

"काका, स्क्रीन फिका लावला आहे तुम्ही. लैच फिका. म्हणून आम्ही वरून रंग ओतत जातो. आमाले बरोबर दिसते अन् बाहेर भडक होते."

"तुही डबी खोटी."

"दुसरा मॉनिटर आहे ना तुमच्याजवळ? त्याच्यावर पाहू."

त्याच्यावरही तेच. तेव्हा तिनं डबीच्या सांगण्यानुसार स्क्रीन दुरुस्त केला आणि म्हणाली, "आता तुम्ही ज्या फिल्मवर रंग लावता, ती लावा."

त्यानं लावली. सरिता वळली, हसली. मी चार वर्षं तिला पाहत होतो, पण अशी नव्हती पाहिली. गाल तजेलदार, कुंकू ठसठशीत. आणि साडी! रंग असा की खोलीत कोणी आल्यासारखं वाटावं. तिच्यापुढं खिळ्यावरची साडी धुळीत पडलेल्या मोरपिसासारखी दिसत होती.

"ही नाही," संघपाल म्हणाला. "ही तिची साडी नाही."

भूमिकानं साडीकडे पाहिलं. मग खिडकीकडे. पश्चिमेची खिडकी, उन्हाचा पट्टा टेबलावरून साडीपर्यंत आलेला होता. ती फार हळू बोलली, पण खोली लहान.

"काका, साडीचा रंग उडाला आहे."

संघपालनं फिल्म बंद केली. पंखा तेवढा फिरत होता.

"तू जा आता," तो शेवटी म्हणाला. "मशीन मंग ने."

"शुक्रवारी काम सुरू करायचं आहे, काका. तुम्ही म्हणाल तसा स्क्रीन ठेवीन मी. पण खरं काय ते सांगा." ती उठली. जिना या वेळी एकेका पायरीनं उतरली.

ती गेल्यावर संघपालनं मला विचारलं, "तुम्हाले काय वाटते, काकाजी? उडाली?"

न पाहिलेल्या गोष्टी मी जन्मभर छातीठोक सांगत आलो. आणि ज्या दिवशी कोणी खरं विचारलं, त्या दिवशी मी म्हणालो, "मी पाह्यली तेव्हापासून तं अशीच आहे."

तो खिडकीकडे पाहत बसला. "गांधीबागेच्या बाजारात घेतली होती. दुकानदार आत दाखवून राहिला होता, तं सरिता साडी घेऊन सरळ रस्त्यावर. म्हणे, आतल्या लाइटीत साऱ्याच चांगल्या दिसतात, रंग उन्हातच पाहावा. दुकानदार मागं पळून राहिला, साडी घेऊन चालली का काय बाई म्हणून." मिश्यांत जरा हसला. "म्हणून मी उन्हात टांगली. आधीच्या खोलीतही, इथंही. तेरा वर्षं."

मी खाली येऊन पुष्पलतेला सगळं सांगितलं. ती डाळ निवडत होती. "त्यात काय एवढं?" ती म्हणाली. "घडीतली साडी बाहेरून उडते, आतून नाही उडत. उघडून पाहावं. जे आहे ते दिसून जाईन."

"अवं, घडी सरितानं घातली होती. शेवटची. तेरा वर्षांत त्यानं ती उलगडली नाही."

पुष्पलतेचा हात ताटात थांबला. "मंग कठीण आहे," ती म्हणाली आणि पुढं बराच वेळ तिनं एकही खडा काढला नाही.

दुसऱ्या दिवशी मी वर गेलो. मशीन टेबलावर बंद. तो खाटेवर, साडीकडे तोंड करून.

"हे पाह्य," मी म्हणालो, "डबीवर भरोसा ठेव अन् मशीन देऊन टाक. घडी राहू दे."

"डबीवर भरोसा ठेवला तं इतकी वर्षं मी काय पाहत होतो, ते कोणाले विचारू?"

"मंग उघड."

"उघडली अन् आतूनही अशीच निघाली, तं मी बरोबर. पण घडी गेली. आतून तशी निघाली," त्यानं बंद स्क्रीनकडे बोट केलं, "तं घडीही गेली अन् मीही चुकलो."

याच्यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. माझ्याजवळ! पुष्पलतेला सांगितलं तर विश्वास बसणार नाही तिचा. मी पन्ह्याचा पेला ठेवून खाली आलो. पेला संध्याकाळी पायरीवर आला, भरलेलाच.

गुरुवारी दिवसभर वरून पावलं ऐकू आली. खाट ते खिडकी, खिडकी ते खाट. मी आरामखुर्चीत पडल्या पडल्या मोजत होतो. सात पावलं जायला, सात यायला. मध्येच थांबायची तेव्हा मीही आकडा धरून ठेवायचो.

शुक्रवारी चार वाजता दार वाजलं. पाहतो तर संघपाल. पाच वर्षं तो वर राहतो, पण काही मागायला कधी आमच्या दारी आला नव्हता. चपलाही घातल्या नव्हत्या त्यानं.

"काकाजी, जरा एक टोक धरता का?"

मला कळायला वेळ लागला. पुष्पलतेला लगेच कळलं. ती आतून हात पुसत आली. "मी येते ना भाऊ. यायले रुमालाची घडी जमत नाही."

"नाही, वहिनी." त्यानं मान खाली घातली. "तुम्ही घातली तं चांगली घालाल. मंग ती तुमची घडी होईन. काकाजींची वाकडीच होईन. तेच बरं."

माझा असा सत्कार आजवर कोणी केला नव्हता. मी गेलो.

साडी खाटेवर पूर्ण उघडलेली होती, दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबत. तिच्यावर उभे पट्टे पडले होते. एक फिका, एक गडद, पुन्हा फिका, पुन्हा गडद. जिथं ऊन पोचलं तिथं राख, जिथं घडी होती तिथं मोर. पदराच्या एका चुणीत एक सेफ्टी पिन तशीच राहिली होती, गंजून काळी झालेली. तिच्याभोवती तपकिरी डाग.

"काढायची राहून गेली तिची," तो म्हणाला. "लग्नाहून थकून आली होती."

"काढून टाक गा. जंग कपडा खाते."

"राहू द्या."

स्क्रीनवर सरिता मान वळवून थांबलेली. संघपालनं साडीचा एक गडद पट्टा उचलून स्क्रीनला लावला. मी चष्मा पुसून पाहिलं. कुठं कापड संपतं आणि कुठं चित्र सुरू होतं, ते सांगता आलं नसतं. स्क्रीन कसा ठेवला आहे, ते मी विचारलं नाही. डबीनं सांगितला तसाच होता तो, भूमिका ठेवून गेली तसा.

"आली?" मी विचारलं.

"ती होतीच, काकाजी. दर वर्षी थोडा थोडा रंग मीच कमी करत गेलो तिचा. साडी जशी उतरली, तशी तिलेही उतरवत गेलो." तो कापड हातात धरून उभाच राहिला. "एकदाही समजलं नाही. साडी रोज पाहत होतो ना."

मग आम्ही घडी घालायला लागलो. साडीची घडी हे एकट्या माणसाचं काम नाही, हे मला चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं. त्यानं दोन टोकं धरली, मी दोन. तो खिडकीशी, मी दाराशी.

"ताणा. एवढी नाही! फाटून जाईन."

"तूच म्हणते ताणा."

"आता या इकडं. टोक टोकाले लावा. अहो, उलटं! काठ काठावर. केबल कधी गुंडाळली नाही का तुम्ही?"

"बिल्ट्या फाडल्या मी जन्मभर, लुगडी नाही!"

मी पुढं गेलो, माझी टोकं त्याच्या हातात दिली, खाली वाकून मधली घडी उचलली, कंबर धरली, हाश्शहुश्श केलं, मागं सरकलो. पुन्हा पुढं. दोन म्हातारे एकमेकांकडे चालत येतात, हात लावतात आणि परत जातात. लांबून कोणी पाहिलं असतं तर नाचच समजला असता. आणि पाहणारी होतीच. समोरच्या गच्चीवरून आवाज आला, "काय जी भाऊजी! कोणाचं लुगडं आहे, दोघंजण घड्या घालून राहिले ते?"

उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं. असं काही तयार होतं, की गल्लीला महिनाभर पुरलं असतं.

"आमचंच आहे वं!" मी ओरडलो आणि खिडकी ओढून घेतली.

घडी झाली. एक काठ चार बोटं बाहेर, मध्ये फुगवटा, एका बाजूला गडद पट्टा बाहेर आलेला, दुसऱ्या बाजूला फिका. पिन वरच्या बाजूला राहील, अशी त्यानं काळजी घेतली होती. दोन्ही हातांवर ती घेऊन तो पाहत राहिला.

"वाकडी झाली," मी म्हणालो. "पुन्हा घालायची?"

"नको. अशीच असू द्या."

त्यानं ती जुन्या चादरीत गुंडाळून लोखंडी पेटीत ठेवली, पेटी खाटेखाली सारली. तिथं ऊन जात नाही.

पाच वाजता भूमिका आली. तिनं खिळ्यावरचा रिकामा हँगर पाहिला आणि काहीच विचारलं नाही. शहाणी पोरगी आहे. संघपालनं तिला ओटा, कोठी आणि माळा समजावून सांगितला, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायला सांगितलं, आणि मशीन कूलरसमोर ठेवली तर मी येऊन घेऊन जाईन, असं दोनदा बजावलं. शेवटी म्हणाला, "रंग तुही डबी सांगते तोच ठेव. अन् ज्याइच्याजवळ माह्या मशीन आहेत, त्या साऱ्याइले सांगून दे, मी येऊन लावून देतो म्हणून. कोणाचीच नवरी टमाटर नको दिसाले."

"तुम्हीच लावाल, काका? डबी लागन ना."

"तू देशीन ना?"

"देईन."

आम्ही दोघांनी मशीन जिन्यातून खाली आणली. खरं तर त्यानं आणली, मी पुढं चालत 'हळू, हळू' म्हणत होतो. ऑटो गेला. आम्ही पुन्हा वर आलो; का आलो, ते दोघांनाही माहीत नव्हतं. टेबल मोकळं झालं होतं. खिडकी उघडल्यावर ऊन आत आलं, टेबलावरून चढत खिळ्यापर्यंत गेलं आणि तिथं नुसत्याच हँगरवर पडून राहिलं.

त्यानं हँगर काढला.

"खिळाही काढू का गा?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

त्यानं मानेवरचा ओला टॉवेल काढला, पिळला, झटकला आणि खिळ्याला टांगला.

"राहू द्या," तो म्हणाला. "वाळते इथं लवकर."